मळीसाहेबांचा उतार

राम राम मंडळी. पाटील, हेडमास्तर, आन् मागं भिंतीला टेकून बसलेल्या आयाबहिणींनो, तुमालाबी राम राम.

गुरुजींनी मला चार ओळी लिहून दिल्यात. ह्या बगा, हातात हायेत. पयल्याच ओळीत एक शबूद हाय, 'कर्तव्यपरायण'. सकाळपासनं गोठ्यात म्हणून बघतोय. बैलंबी वैरण सोडून माझ्याकडं बघाय लागली. तवा कागूद खिशात ठेवतो. गुरुजी, राग मानू नगा. मी बापू गाडीवान. मला गाडी हाकता येती, भाषण येत न्हाई.

वामनराव लिमये. रस्त्याचं ओव्हरसिअर. कागदावर लिमये, पर आपल्यात त्यांना कोण लिमये म्हणत हुतं? समदी म्हणायची मळीसाहेब. तालुक्याच्या दवाखान्यात साहेब गेलं, त्याला आज तेरा दिस झालं. त्यांचं धाकटं भाऊ सांगलीहून आल्यात, हितं म्होरं बसल्यात. भाऊसाहेब, हे गाव तुमच्या भावाचं नाव घिऊन हसतंय कशापायी, हे तुमाला ठावं नसंल. म्हणून सांगतो. तुमीबी हसा. साहेबांनी आमाला लय हसवलंय.

तुमी काल ओढा ओलांडून ज्या उतारावरनं गावात आला, तिथं आदी निस्ती काळी माती. खडी टाकली की माती खडी गिळायची. पावसाळ्यात गाडी एक हात म्होरं, दोन हात खाली. लढाई चालू हुती तवा. डांबर मागितलं तर लष्कराला पायजे. शिमिट मागितलं तर लष्कराला पायजे. आमची पोरं लष्करात, आमचं शिमिट लष्करात, आमाला मागं ठेवला चिखुल.

साहेब नवं आलं त्याच पावसाळ्यात माझी कारभारीण अडली. गाडीत घालून तालुक्याला निघालो. उतारावर चाक आसापतोर रुतलं. मागनं साहेब सायकल ढकलत येत हुतं. सायकल टाकली, बूट चिखलात सोडलं, चाकाला खांदा लावला. गाडी हलंना. पोरगी झाली ती गाडीतच. दोघीबी जगल्या. म्या घोंगडं झटकलं आन् बघतो तर साहेब गाडीमागं उभं ऱ्हाऊन रडत्यात. म्हणलं, "आवं साहेब, रडताय कशापायी? समदं बरं झालं की."

साहेब म्हणालं, "बापू, हे नशिबानं बरं झालं. रस्त्यानं नाही."

तवापासनं त्या माणसाला त्या उताराचं येडच लागलं.

फलटणकडं साखर कारखान्यात साखर काढून झाली की काळा, चिकट पाक मागं ऱ्हातो. मळी. साहेबांनी ती बघितली. दुसऱ्यांचं डोळं जिलबी बघून हुतात तसं त्यांचं झालं. म्हणालं, "बापू, डांबर नाही तर नाही. हे चिकटतंय." पिंपं माझ्याच गाडीतनं आली. पाठोपाठ फौजदार आला. एवढी मळी म्हंजे दारूच गाळणार, दुसरं काय? साहेबांनी त्याला मळीत कालवलेला मुरूम दावला. फौजदार म्हणाला, "रस्त्याला गोड कशाला?" त्यावर साहेबांनी त्याला उभ्या उभ्या तासभर समजावलं. फौजदार परत कवा आला न्हाई.

मग साहेबांनी वड्या घातल्या. निस्त्या मळीची, मळीत वाळूची, मळीत राखेची, मळीत चुन्याची. चावडीम्होरं बाजेवर वाळत घातल्या. पाटील, सांगू का? सांगतोच. पाटलांचं जावई पाव्हणं आलं हुतं. त्यांना वाटलं चिक्की. चावली. दाढ गेली! गाव गोळा झालं. साहेब पळत आलं. दाढंकडं बघितलंच न्हाई. म्हणालं, "पाव्हणे, वडी कुठली होती? कडंची? चुन्याची?" जावयानं मान हलवली. तर त्याला मिठीच मारली की त्यांनी! जावई रडतोय, साहेब हसतंय. रातच्याला मला म्हणालं, "वडी टणक आहे, हे कळलं. पण एक दाढ म्हणजे पुरावा नव्हे."

साताऱ्याच्या मोठ्या साहेबानं त्यांना एक पावसाळा दिला हुता. त्यात उतार टिकला तर बरं, न्हाई तर ही थेरं बंद आन् तुमची बदली. साहेबांनी उताराचं पाच पट्टं पाडलं. ओढ्याकडनं पयला साध्या मुरमाचा, मग निस्ती मळी, मग वाळूचा, मग राखंचा. शेवटचा, येशीजवळचा, चुन्याचा. पावसानं त्या साली ओढ दिली. पट्टं वाळून चकाकाय लागलं. आन् आला बेंदूर.

भाऊसाहेब, सांगलीत तुमी बेंदूर बघितला आसंल. बैल ओढ्यात धुवायचं, शिंगाला बेगड, अंगावर झूल. वाजतगाजत उतारानं वर येशीत आणायचं. येशीत आडवं बांधलेलं गवताचं तोरण, म्हंजे कर, पाटलांच्या बैलानं तोडायचा. पाटलांचा बैल निघाला. पयला पट्टा वलांडला. दुसऱ्यावर पाय ठेवला, खाली हुंगलं, आन् म्होरलं गुडघं टेकून जे चाटाय लागला! मागनं दुसरा. मागनं तिसरा. गावची समदी बैलं उतारावर गुडघ्यावर! हलगीवाला वाजवून वाजवून दमला. कोण येसण वढतंय, कोण शेपूट पिरगाळतंय. पाटील वरडत्यात, "आरं हाणा त्या ओव्हरसिअरला!" आन् साहेब कुठं हुतं? बैलांच्या पायात. वही घिऊन. रांगत.

माझा सर्जा चाटत चाटत मधलं तीन पट्टं संपवून पाचव्याला आला. जीब लावली. तोंड वाकडं केलं, फुरफुरला आन् सरळ म्होरं चालू लागला. मागनं पाटलांचा बैल आला. त्येबी तसंच. साहेब मळीमाखल्या अंगानं उठलं आन् माझा दंड धरला. "बापू! बैलाच्या लाळंत जे विरघळत नाही, ते पावसात विरघळणार नाही!"

म्या म्हणलं, "साहेब, ते ऱ्हाऊ द्या. पळा आदी."

त्या साली कर बैलानं तोडलाच न्हाई. येशीत लोंबत ऱ्हायला. सांजच्याला एका शेळीनं खाल्ला.

आता एक कबूल करतो. पाटलांनी साताऱ्याला अर्ज केला, ह्या ओव्हरसिअरला हलवा म्हणून. त्यावर समद्यांचं अंगठं हुतं. त्यात माझाबी हुता. सणाचा मान मोडला म्हणून मलाबी राग आला हुता. अर्ज फिरून साहेबांच्याच टेबलावर आला. मला बोलवलं. कागूद म्होरं धरला, एका अंगठ्यावर बोट ठेवलं आन् म्हणालं, "बापू, हा तुझा. ह्याला मळी लागलेली आहे." आन् हसलं. म्या मान खाली घातली ती वर काढवंना. मला म्हणालं, "असू दे. उद्या पिंपं आणायला येशील ना?"

मग पाऊस लागला. आठ दिस. चार पट्टं काळं पाणी हुऊन ओढ्याला गेलं. साताऱ्याचा मोठा साहेब काम बंद कराय मोटार घिऊन आला. दुसऱ्या पट्ट्यावर मोटार रुतली. म्या सर्जाची जोडी जुपली, दोर बांधला. सर्जा वढतोय, मोठा साहेब आत बसून विंग्रजीत काय तरी म्हणतोय. पाचव्या पट्ट्यावर चाकं आली आन् मोटारीनं जमीन धरली! अशी धरली की बैलांच्या म्होरं पळाय लागली. आता मोटार बैलांना वढतीय! म्या दोर कापला म्हणून सर्जा वाचला, न्हाई तर बैल साताऱ्यातच सोडवून आणावा लागला असता.

मोठा साहेब खाली उतरला. बूट आपटून पट्टा बघितला. विचारलं, "याची परीक्षा कुठल्या यंत्रानं केली?" आमचं साहेब काय बोलत्यात? टोपी सावरली आन् सांगितलं, "बैल, साहेब. एक नग. नाव सर्जा."

समदा उतार पाचव्या पट्ट्यावाणी करायचा हुकूम झाला. आन् ह्याच पाटलांनी दुसरा अर्ज केला, ओव्हरसिअर हलवू नगा म्हणून. त्यावर जावयाचीबी सही हाय. पुढं दर पावसाळ्यात साहेब सर्जाला उतारावर न्यायचं, खाली हुंगाय लावायचं. सर्जानं जिथं चाटलं तिथं परत चुना. बेंदराला पयली पोळी माझ्या सर्जाला साहेबांच्या हातची.

आता थोडंच ऱ्हायलंय. तेच बोलाय जड जातंय.

पंधरवड्यामागं साहेबांना ताप चढला. धुवाधार पाऊस. त्याच गाडीत, त्याच घोंगड्याखाली साहेबांना निजवलं आन् तालुक्याला निघालो. संगं माझी कारभारीण बसली हुती, त्यांचं डोकं मांडीवर घिऊन. ती म्हणाली, "ह्यांनी माझ्या गाडीला खांदा लावलाय, म्या येणार." साहेब सारखं विचारायचं, "बापू, उतार आला की सांग. हळू घे. रुतेल." म्या म्हणायचा, व्हय साहेब. मग ओढ्यातलं पाणी चाकाला लागलं. साहेबांनी परत विचारलं, "उतार आला का रे?"

म्या म्हणलं, "साहेब, उतार कवाच मागं गेला."

त्यांना खरं वाटंना. गाडी मागं घ्याय लावली. एवढ्या तापात, एवढ्या पावसात! म्हणालं, "सर्जाला विचार." म्या सर्जाचं जू सोडलं, उतारावर नेला. सर्जानं मान खाली घातली. हुंगलं. चाटलं न्हाई. घोंगड्यातनं साहेब बघत हुतं. म्हणालं, "पास." आन् डोळं मिटून निवांत पडलं. तिसऱ्या दिशी गेलं.

भाऊसाहेब, तुमचा भाऊ माझ्या गाडीत एकदाबी हिसका न खाता तालुक्याला गेला. हे नशिबानं न्हाई झालं. रस्त्यानं झालं.

आता समद्यांनी उभं ऱ्हा आन् घडीभर गप ऱ्हावा. भाईर सर्जा बांधलाय, त्याच्या घुंगरांचा आवाज आला तर येऊ द्या. हात जोडा.

साहेब, राम राम. उतार मागं गेला.