फोटोतला हात माझा

मी मूळची कोरेगावकडची, सातारा जिल्हा. नाव कमल. ल्हानपनी गोठ्याच्या दारात करंगळी चेंबली, ती वाकडीच बसली, ही बगा अशी. लग्न झालं आनि इकडं नवी मुंबईला आले. मालक एपीएमसीत माथाडी, कांद्याची पोती वाहत्यात, ऱ्हायला आमी जुईनगरला, मी स्टेशनाभायेर कोथिंबीर-लिंबं घेऊन बसते. पोरगं झालं त्याच्या मागनं हातावर पांढरा डाग आला, आदी तिळाएवढा, मग दोनी पंजे, मग कोपरापतूर. कोड. हा शब्द लोक दबक्या आवाजात बोलत्यात, मी मोठ्यानं बोलते.

काय सांगू तुमाला, औषधं किती केली. सासूनं गावाकडनं बावचीचं तेल आनलं, ते लावून उन्हात बसले तर हातभर फोडं आली. एक वैद्य म्हनला आंबट बंद, आंबटाला हातबी लावू नको, आनि माझा धंदा लिंबाचा. मग कुनीतरी वाशीचा होमिओपॅथीचा डॉक्टर सांगितला. मानूस लई गोड, अक्का म्हनून बोलायचा, घरातलं समदं इचारायचा, रडू आलं तर रडू द्यायचा. तेवढं कुनीच करत न्हवतं, खोटं कशाला बोलू. पैल्याच दिवशी त्यानं माझ्या हातांचा फोटो काढला, म्हनला पुढं फरक बगायला बरा. त्या साबुदान्यावानी गोळ्या, आनि कांदा-लसनाचा वाससुद्दा नको. आता मालक दिवसभर कांदा वाहून येनार, मी त्यांना भायेरच्या खोलीत झोपवायची.

डाग वाढला की डॉक्टर म्हनायचा, रोग भायेर पडतोय, चांगलं लक्षन हाय. वाढायचा थांबला की म्हनायचा, बगा गुन आला. म्हंजी काय बी होऊ द्या, गोळीच खरी. दोन वर्सं खाल्ल्या, मग सोडल्या. सरकारी दवाखान्यात गेले, तितली डॉक्टरीन म्हनली, हा रोग हात लावून पसरत न्हाई, मलम देते, पन रंग किती येईल ते मला ठाऊक न्हाई. ठाऊक न्हाई असं म्हननारी ती पैलीच. कोपराशी थोडा रंग आला, बाकी तसंच. तिनं तसं सांगितलं त्या दिसापासनं मी डाग झाकायला घालायची ते लांब बाह्यांचं झंपर सोडलं.

मग आमच्या चाळीतल्या शिंदेवैनी आल्या. त्यांच्या सुनीताला ओठाशेजारी डाग उठलेला, आनि लग्नाची बोलनी चाललेली. वैनी म्हनल्या, वाशीच्या त्या डॉक्टरकडं भिंतीवर औषधाच्या आदीचा आनि नंतरचा फोटो हाय, एकात हातावर कोड आनि शेजारच्यात हात एकदम साफ, तू बरोबर चल. मी गेले. बाकडी भरलेली. वर बगितलं तर डागाचा हात माझा. वाकडी करंगळी मी वळखनार न्हाई व्हय? आनि शेजारी साफ हात, त्याची करंगळी सरळ. अंगातनं जाळ निगाला बगा. लोकांच्या मधी हुबी ऱ्हायले, दोनी हात वर केले आनि म्हनलं, हा फोटोतला हात माझा हाय, बगून घ्या, डाग हायती तितंच हायती, आनि तो दुसरा हात कुनाचा ते डॉक्टरला इचारा, का गोळ्यांनी माझं वाकडं बोटबी सरळ झालं.

डॉक्टर भायेर आला. म्हनला, अक्का, ते नुसतं समजवायला लावलंय, आनि तुमी औषध मधीच सोडलं ना. मी म्हनलं, मग माझा हात खाली काढा. बाकड्यावरचा एक म्हातारा म्हनला, बाई, माझ्या शिंका ह्याच गोळ्यांनी थांबल्या. मी म्हनलं, बाबा, थांबल्या तर लई चांगलं, मी कुटं न्हाई म्हनते, पन माझा डाग गेला न्हाई आनि गेला म्हनून भिंतीवर लावलाय. डॉक्टरनं फोटो उतरवला. उठून मातर दोघीच गेल्या, बाकीची बसून ऱ्हायली. शिंदेवैनीनीबी गोळ्या घेतल्याच. मला म्हनल्या, तुझं ठीक हाय, तुझं लग्न झालंय. त्या बाईवर राग तरी कसा धरायचा.

सुनीतानं गोळ्या थोडे दिवस खाल्ल्या आनि टाकून दिल्या. बगायला आलेल्या पैल्याच पोराला तिनं सोता सांगितलं, हा डाग हाय, वाढंल न्हाईतर ऱ्हाईल. तो उठून गेला. दुसराबी गेला. तिसऱ्यानं इचारलं, दुखतं का. त्याच्याशीच जमलं.

गेल्या म्हैन्यात हळद झाली. मी वाटी घेतली तशी नवऱ्या मुलाची मावशी म्हनली, ह्यांनी नको, दुसऱ्या कुनीतरी लावा. मी वाटी खाली ठेवत हुते. सुनीतानं माझं मनगट धरलं आनि म्हनली, पैली हळद कमलकाकूच लावनार. मी लावली, दोनी हातांनी, गालाला, कपाळाला आनि त्या डागावरबी. पोर सुकात ऱ्हावी, आनखी काय. आता गिऱ्हाईक इचारतं, बाई, हे बरं न्हाई का होत. मी म्हनते, न्हाई होत, लिंबं किती देऊ.