सातव्या पायरीचे बाण

लेक : ...उन्हं चढायच्या आत पोचायचं, म्हणजे सहाला निघायचं. पाणी, टोपी, तुमचे डोळ्यांचे थेंब. आणखी काय, बाबा?

बाबा : खडू.

लेक : पडकं बौद्ध मंदिर बघायला खडू?

बाबा : चाळीस वर्षांपूर्वी पुरातत्त्व खात्याच्या कामावर तिथला जिना आम्ही दगड न् दगड सुटा करून पुन्हा रचला.

लेक : तोंडपाठ आहे मला. चुन्याचा थेंब नाही, आणि सांध्यात सुरीचं पातं शिरत नाही.

बाबा : नाहीच शिरत. पहिल्या दिवशी मी त्या दगडांवरून नुसता हात फिरवत बसलो होतो. असले गवंडी होते ते, म्हटलं, आपण कुठले!

लेक : आणि खडू?

बाबा : पायरी दोन दगडांची. सुटे करताना दोन्हींवर पायरीचा आकडा घालायचा आणि डावा-उजवा कळायला बाण. ते काम माझं. सातवीवर आकडे घातले, बाण राहिले.

लेक : मग?

बाबा : दगडांची अदलाबदल झाली. शेकडो वर्षं भिक्षू डाव्या कडेनं चढले, पावलांनी दगड झिजून खळगे पडलेत. सगळ्या पायऱ्यांना डावीकडे. सातवीला तेवढा उजवीकडे.

लेक : कुणाच्या लक्षात आलं?

बाबा : माझ्या. काम संपलं त्या दिवशी. सगळे पाठ थोपटत होते, माझी जीभच उचलेना.

लेक : आणि आता तिथल्या साहेबांना सांगणार? त्याच कामाचं प्रशस्तिपत्रक भिंतीवर आहे तुमचं. ते हसले तर?

बाबा : हसू देत. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांत नजर जाईल. बोट दाखवून सांगता येतंय तोवर सांगतो. त्या जुन्या गवंड्यांनी एक दगड चुकवला नव्हता गं. त्या अख्ख्या जिन्यात चूक आहे ती माझ्या एकट्याची.



लेक : दरवर्षी शाळेची मुलं घेऊन जाते मी तिथं. दरवर्षी मधेच कुठंतरी पाय अडखळतो. मी आपली चपलेला नावं ठेवते.

बाबा : चपलेचा दोष नाही.

लेक : खडू माझ्या पर्समध्ये असतोच. बाण मी काढते, डावा कुठला ते तुम्ही सांगा.

बाबा : चढताना मला डाव्या कडेनं ने. सहावीपर्यंत पाय आपसूक खळग्यात पडतील.

लेक : आणि सातवीला?

बाबा : सातवीला तेवढा हात दे.