तिच्या वाटणीचा चहा

हॅलो?… हां, मीच. बोल… नाही गं, कोणी रडत नाहीये, कुकरची शिट्टी होती ती… बाळ झोपलंय… बरं आहे, सगळं बरं आहे… आवाज? माझ्या आवाजाला काय झालंय?

छोटे, मला एक सांग. माणसाला राग आला तर तो दिसायला नको का?

…सुनेचंच म्हणतेय, दुसरं कोण आहे मला म्हणायला?… अगं नाही, भांडण नाही झालं. तेच तर रडगाणं आहे! भांडली असती तर तुझ्याशी फोनवर बोलत बसले असते का मी? तिच्याशी भांडत बसले असते. ही बाई सकाळपासून तोंडातून शब्द काढेल तर शपथ. रडत नाही, आदळआपट नाही, भांडं वाजवत नाही. घरभर फिरतेय, पण पायांचा आवाज नाही. असं वागतात का माणसं? मी सासू आहे तिची. मला कळायला नको, काय चाललंय ते?

…तिने काही केलं नाही… मी पण नाही… थांब, गॅस बंद करते.

…हां, बोल. बाळासाठी गाजर-बटाटा लावलाय… किती शिट्ट्या झाल्या कोण जाणे. लगदा झाला असणार. होऊ दे, त्याला लगदाच लागतो.

सांगते ना, सांगते. पहिल्यापासून सांगते, पण मध्ये बोलायचं नाही.

आज ती गावाला निघालेली… कामाच्या. सांगितलं नव्हतं का तुला? ती शिलाई मशीनच्या कंपनीत नाही का? कारखान्यात नवीन मशिनी बसल्या की हिने जायचं आणि तिथल्या बायकांना शिकवायचं. दोरा कसा ओवायचा, सुई मोडली की काय करायचं. म्हणून तर घरात तिला मास्तरीण म्हणतो आम्ही… हो, बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच. दुपारची बस आहे. दोन-तीन रात्री तिकडेच राहायचं. साहेब म्हणाला, या खेपेला जमत नसेल तर सांग, दुसरी मुलगी तयार आहे. गोड बोलून म्हणाला हां, पण म्हणाला.

आता बाळाचं काय, तर तो पठ्ठ्या पावडरीचं दूध तोंडात घेतो आणि माझ्या अंगावर पिचकारी मारतो. भाताचे, गाजराचे चार घास खातो, नाही असं नाही. पण झोपताना आईचंच दूध पाहिजे. मग ही रोज पहाटे उठून… हो, तेच यंत्र. घर्र घर्र. त्याला पाजायचं आणि मग उरलंसुरलं काढायचं. कधी वाटीभर, कधी नुसता तळ झाकेल इतकंच. पाणी प्यायला उठले की दिसायची ना मला, ओट्यापाशी स्टुलावर बसलेली. डोळे मिटलेले, एक हात यंत्रावर… नाही, मी काही बोलायचे नाही. काय बोलायचं त्यात? पाणी प्यायचे आणि जायचे.

असं करत करत तिने साठवलं. बर्फाच्या कप्प्यात. ही नसेल तेवढ्या रात्री पुरेल इतकं.

बरं. तर आज जिन्याला, गॅलरीला रंग द्यायला रंगारी आलेत. मी गाजरं आणायला बाजारात. लेक पहाटेच बेकरीत गेलेला, त्याची भट्टी कोणासाठी थांबत नाही. ही बाळाला घेऊन न्हाणीघरात. आणि आमच्या ह्यांना आला उमाळा… हो ना! ज्या माणसाने जन्मात पाण्याचा पेला स्वतःच्या हाताने भरून घेतला नाही, त्याला आज वाटलं, आपण सगळ्यांना चहा करावा… अगं चांगल्या मनानेच. सून प्रवासाला निघालीय, बायको दमून येईल, रंगारी बिचारे सकाळपासून वर मान करून उभे. पातेल्यात बघतात तर दुधाचा थेंब नाही. मग उघडला बर्फाचा कप्पा.

…हो.

…हो, तेच.

…सगळे. एकूण एक डबा. गरम पाण्यात बुडवून सुटे केले म्हणे. मला कौतुकाने सांगत होते, तू दूध नासू नये म्हणून काय शक्कल काढलीस, मानलं तुला.

हसतेयस तू… हसतेयस, ऐकू येतंय मला… हस बाई, लाज कसली. रंगारी पण खूश होते. काकांच्या हाताला चव आहे म्हणाले. परत परत मागून घेतला… मी? मी पण आले की तेवढ्यात बाजारातून… हो, प्यायले… दोन कप. म्हटलं, पातळ केलात, पण गोड झालाय छान. साखर जास्त घातलीत का? तर म्हणाले, नेहमीएवढीच.

मग ती आली. बाळाला टॉवेलात गुंडाळलेलं, हिचे केस ओले. बेसिनमध्ये डबे बघितले…

काय?… डब्यात कशाला म्हणजे?… स्टीलचे गं, झाकणाचे, छोटे… माहीत आहे मला पिशव्या मिळतात त्या. आणल्या होत्या तिने… आता त्याचं काय मध्येच? मी बोलतेय कुठलं, तू विचारतेयस कुठलं!… ते सांगीन नंतर. ऐकायचं असेल तर ऐक, नाहीतर ठेव फोन.

हां. तर डबे बघितले. एक उचलला. आत बघितलं, वास घेतला. म्हणाली, “बाबा, यातलं?” हे म्हणाले, “चहा केला की! तुझ्या वाटणीचा झाकून ठेवलाय बघ, ओट्यावर.” तोंडभर हसत. आणि मला तेव्हा कळलं गं. तिच्या तोंडाकडे बघून. गाजरांची पिशवी हातातच राहिली माझ्या.

तिने बाळ माझ्याकडे दिलं. कपावरची बशी काढली. आणि प्यायली.

…अगं चहा! तोच चहा. तिच्या वाटणीचा. उभ्या उभ्या, शेवटच्या घोटापर्यंत. कप विसळला, पालथा घातला. मग ते डबे घासले, एकेक करून, आतून-बाहेरून, पुसून फडताळात लावले. एकात एक, नेहमी लावते तसे. मग आत गेली आणि बॅगेतले कपडे काढून परत कपाटात ठेवायला लागली.

…नाही. एक शब्द नाही.

…मी काय बोलणार? मी बाळ धरून उभी होते.

ह्यांना नंतर सांगितलं मी. गॅलरीत जाऊन. तेव्हापासून तिथेच आहेत, बाहेर पाठ करून, भिंतीकडे बघत. रंगारी म्हणाले, काका, कठडा ओला आहे, टेकू नका. तरी टेकलेत. शर्टावर आडवा पांढरा पट्टा उमटलाय हा एवढा. म्हटलं सांगावं, पण नाही सांगितलं. तो पट्टा बघत राहिले नुसती.

…लेकाला केला ना फोन. मागे त्याच्या भट्टीचा धडधडाट. म्हणाला, आई, होतं असं कधी कधी, तिला म्हणावं मनाला लावून घेऊ नको. मी म्हटलं, तिला मन आहे की नाही तेच मी शोधतेय. तर ठेवला त्याने.

…नाही, मला वाईट वाटत नाहीये. खरं सांगते. वाटायला पाहिजे ना? मी वाट बघतेय. जीभ भाजली की मग काही वेळ कशाची चव लागत नाही बघ… तसं सगळ्या अंगाचं झालंय. मघापासून गाजरं सोलतेय. एवढी कोण खाणार? हात चाललेत म्हणून सोलतेय.

…परत तेच, डब्यात कशाला! सुटली नाहीयेस ना तू त्यातून? फोन केलायस का कोर्ट भरवलंयस?

…मी. मी सांगितलं तिला. झालं समाधान?

…म्हटलं, माझ्या फ्रीजमध्ये असल्या पिशव्या लोंबत ठेवायच्या नाहीत. येणाराजाणारा फ्रीज उघडतो, पाण्याची बाटली घेतो. काय म्हणतील? डब्यात ठेव, झाकण लाव, चारचौघांच्या घरातल्या दुधासारखं दिसेल… हो, दिसलं ना मग! दिसलं चारचौघांच्या दुधासारखं!

…चिठ्ठ्या लावल्या होत्या तिने झाकणांवर. बाळाचं म्हणून… काढल्या मी. नखाने खरवडून. गोंद निघत नाही झाकणाचा, माझ्या संसारातले पहिले डबे आहेत ते… नाही, काही बोलली नाही तेव्हाही. बरं आई, म्हणाली. हिचं सगळं बरं आईच असतं. पिशव्या नको, बरं आई. बाळाला आंघोळ मी घालणार, बरं आई. मला वाटायचं, चला, सून वळणाची मिळाली.

…आता बोल की. मघाशी तर मोठी वकिलीण झाली होतीस.

…जवळ जाऊन गोड बोलू? मला येतं का गोड बोलता? पन्नाशी उलटली तुझी, कधी ऐकलंस माझ्या तोंडून? उगाच नाटकं करायला गेले तर ती घाबरेल… माफी? तू पण ना. सासूने माफी मागितली की सून म्हणणार, नाही हो आई, असू दे. म्हणजे परत तिचंच बरं आई. परत तिनेच गिळायचं.

…थांब. आतल्या खोलीत तिचा फोन वाजतोय, दिसतंय मला इथून. टेबलावर थरथरतोय नुसता… ऑफिसचाच असणार. बघतेय ती. उचलत नाही… थांबला.

…बॅग रिकामी आहे कॉटवर. बाळ तिच्या शेजारी पसरलंय, मूठ तोंडात कोंबून. ही त्याच्याकडे बघत नाही, खिडकीकडे पण नाही. कुठे बघतेय कोण जाणे… नाही गं, रागाने नाही. राग असता तर म्हणत नव्हते का मी! मोकळ्या खोलीत कोणी दिवा चालू ठेवून जातं ना, तशी दिसतेय.

…आता मोबाईल घेतला हातात. काहीतरी टाइप करतेय. नाही येत म्हणून कळवत असणार.

…कळवू दे म्हणजे? अगं गेली नाही तर नोकरी जाईल तिची! पोटात बाळ असताना शेवटच्या दिवसापर्यंत मशिनी शिकवत होती ती. सूज उतरायची नाही पायांची, पण सकाळी बॅग घेऊन दारात उभी. घरी आली की मला सांगायची, आई, आज एका आजीबाईंना शिकवलं, पहिल्यांदा सरळ टीप आली तर त्या रडल्या. तेवढंच काय ते बोलायची बघ मोकळं. कारखान्यातलं. मी पोळपाटावरून मान वर न करता ऐकायचे.

…बाळाला घेऊन जाईल कशी? दिवसभर ती बायकांपुढे उभी. सांभाळणार कोण?

…

…काय बोललीस?

…बस? मला बस लागते, माहीत आहे ना तुला? तुझ्या लग्नाला येताना ड्रायव्हरने मला उतरवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं… ते काही नाही, अजूनही लागते. गाडी सुरू व्हायच्या आधीच लागते.

…खोली देतात कंपनीवाले. मोठी असते म्हणाली होती मागे… हो, दुपारच्या सुट्टीत येऊन पाजेल की. संध्याकाळी येईल. रात्री तर आहेच… शेगडी नसेल तिथे. तो छोटा विजेवरचा कुकर आहे, लेकाने आणलेला. माळ्यावर टाकलाय मी, नावं ठेवून. तांदूळ घेते, गाजरं आहेतच सोललेली, ढीगभर. बाळाचं जेवण मी लॉजवाल्याच्या हातचं घेणार नाही, सांगून ठेवते.

…ह्यांचं काय? राहतील. ह्यांना चहा येतो आता.

…हसू नकोस गं. मला हसायला येत नाहीये.

…नाही, विचारणार नाही तिला. विचारलं की बरं आई म्हणेल. सांगणारच आहे… थांब, येतेय ती इकडे. बाळाची वाटी न्यायला आली असेल. तू ठेवू नकोस, ऐक तू.

अगं ए मास्तरीण. थांब जरा… वाटी राहू दे, लगदा गरम आहे अजून. तो मोबाईल ठेव खाली… ठेव म्हणते ना. पाठवलंस का साहेबाला?… नाही ना? मग पुसून टाक… पुस, मी बघतेय. मी येतेय तुझ्याबरोबर. बाळ आणि मी, दोघंही. तू शिकव, मी खोलीत बसते. बसमध्ये मला खिडकी दे आणि माझ्याकडे बघू नकोस, झालं.

…मान खाली नको. वर बघ… माझ्याकडे. आणि हे बघ, बरं आई म्हणालीस तर याद राख.

दूध ह्यांनी ओतलं. पिशव्या मी नको म्हटल्या. चिठ्ठ्या मी खरवडल्या. ते आमचं, आम्ही बघून घेऊ दोघं. पण चुकलं तुझंही… हो, तुझं! बघतेस काय अशी? तो चहा प्यायचा नव्हतास तू. माझ्या अंगावर ओतायचा होतास.