परत पाठवलेली गाडी

नाई जी, माप कायले, नमुन्याचा कोट आणला ना तुम्ही, त्याच्यावरूनच कापतो — बसा. नवीन सिस्टर तुम्हीच का? हां. पहिलीचाही कोट मीच शिवला होता, सोमारी सिस्टरचा. नर्सच होती थे, पण बाळंतपणाचं दीड वर्षाचं वेगळं शिक्षण करून आली होती. गावच्या बाया दुसऱ्या कोणाले हात लावू देत नसत. माही बायको निशात — तिच्या पोटाले मशीन लावून ठोके ऐकवे, मलेही ऐकवले. मी हासलो तं म्हणे, "अल्ताफभाऊ, धावून राह्यलं पोरगं आतमधी."

काऊन गेली? बदली झाली. लोक म्हणते, तिनं निशातचं बीपी पाह्यलंच नाई — पाह्यलं जी. पाह्यलं. सकाळी दहाले दुकानात आली, धापा टाकत. म्हणे, "बीपी लय वाढलं, डोकं फुटून राह्यलं तिचं, आताच गडचिरोलीले न्या, गाडी बोलावली मी." मी काय म्हटलं? म्हटलं, तुम्ही नर्स, डॉक्टर थोडीच आहा? एटापल्लीचा डॉक्टर उद्या येते, थो म्हणन तं नेऊ. लग्नाचे कपडे द्याचे होते मले — गाडी दारात आली, मीच परत पाठवली. हात जोडले तिनं. दुकानामागंच घर, निशात खाटेवर बसून पाहत होती. माह्यापुढं थे बोलतच नसे.

दोन वाजता झटके आले. शेजाऱ्याच्या पिकअपमधी टाकलं. सिस्टरनं इंजेक्शन देल्लं, तिचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली, सारखी आवाज देत होती — "निशात, माह्याकडं पाह्य." आलापल्लीच्या पुढं आवाज बंद झाला. सिस्टरचा. मी समोर बसलो होतो, मागं वळून पाह्यलंच नाई. पोरगं बी पोटातच गेलं.

मंग चौकशीवाले आले. निशातचा बाप बाजूलेच बसला होता. साहेबानं इचारलं, सिस्टरनं आधी न्याले सांगितलं होतं का? सिस्टर समोर उभी. म्हटलं — नाई. सही केली. गाव सोडताना सिस्टर दुकानापाशी थांबली, म्हणे, "भाऊ, तुमच्या सासूचं बी बीपी वाढते, गोळ्या चुकू देऊ नका."

काय? साहेबाले हे सांगू? सासरा रोज या रस्त्यानं जाते, सिस्टर, रोज मले चहाले बोलावते — कोण म्हटलं मी काही सांगितलं म्हणून? काहीच नाई सांगितलं मी. उठा. दुकान बंद करून राह्यलो.