यमुनाबाईंच्या बाहुल्या

शामराव वकिलाचं नाव काढलंत की माझ्या पोटात अजून दुखतं, का ते ऐका. म्हैसुरात आम्ही दोघं गरीब भाडेकरूंचे खटले फुकट लढवायचो. बन्नीमंटप भागातल्या यमुनाबाई एकट्या, वयस्कर. घरमालक त्यांना खोलीतून काढायला निघाला, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी अर्ज पुन्हा पुन्हा फाडून लिहिला, तरी कलम चुकलं असेल असं वाटतच होतं. शेजारी बसलेल्या शामरावानं नुसतं विचारलं, “बाई, नवरात्र लागलं की! बाहुल्या मांडल्या का? आजच मांडा.” म्हैसुरात नवरात्रात घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात.

दुसऱ्या दिवशी मालक माणसं घेऊन दारात आला. त्याची बायकोच मागून ओरडली, “अय्यो! मांडलेल्या बाहुल्या दसऱ्याआधी हलवणार? मग घरी या, बघते!” मालक मुकाट परतला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला कोर्टातून स्टे मिळाला. धावत जाऊन हुकूम यमुनाबाईंच्या हातात दिला. “आता तुम्हाला कुणी काढू शकत नाही!”

त्यांनी तो बाहुल्यांच्या पायाशी ठेवला.

“बरं झालं, स्वामी. पण दसरा झाला की या बाहुल्या उचलाव्या लागतील. शामराव वकिलांना तेवढं विचारून या, आता काय मांडू?”