शंभरात किती उगवतात

...नाही, मला काय वाटलं होतं ते आधी ऐका. मला वाटलं होतं, राणीसावरगावच्या शाळेत आठ-दहा पोरं येतील, तीही मास्तरांनी दटावून आणलेली, मागच्या बाकावर कुणी जांभई देईल, कुणी मोबाइल बघत बसेल, एखादे आजोबा विचारतील, 'म्याडम, ह्याचा फायदा काय?' आणि मग मी असं काही तळमळून उत्तर देईन की... त्या उत्तराची तयारी मी बर्नपासून करत आले होते, विमानात, मुंबईहून परभणीला येणाऱ्या गाडीत, वरच्या बर्थवर पंख्याकडे बघत. माझी सगळी तयारी अविश्वासाची होती. आणि तिथे सापडलं काय? विश्वास. तुम्हाला सांगते, चारशे माणसांचा पुरेपूर विश्वास. भर मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत, माझे हात गार पडले.

मी अबोली. पालमची. माझे वडील गोविंदराव तहसील कचेरीत कारकून होते, त्यांनी मला सहावीलाच हॉस्टेलला धाडलं, तिथून पुणे, तिथून बंगळूर, तिथून स्वित्झर्लंडमधलं बर्न, आणि एवढं हिंडून मी शिकले काय, तर मंगळावरची चिकणमाती. हसू नका, पाच वर्षं गेलीत माझी त्यात. आणि पाच वर्षांनी मला कळलं काय, तर ती माती आणि आमच्या पालमच्या रानातली काळी माती एकाच कुळातल्या आहेत, दोघी काळ्या दगडाच्या लेकी, दोघी पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्या की भेगाळतात. मग मला वाटलं, हे आपल्या पोरांना कोण सांगणार? ग्रहविज्ञान नावाचं काही शिकता येतं, त्यात संशोधन करता येतं, हे त्यांना कळणार कसं? माझं तिथलं काम मार्चमध्येच संपलं होतं, पुढच्या जागेसाठी सात अर्ज केले होते, सातांतून एकाचंही उत्तर नव्हतं, म्हणजे सांगायला वेळ होता. वेळच वेळ होता.

राणीसावरगावचे मुख्याध्यापक किशनराव सर वडिलांचे मित्र. ते म्हणाले, "बारावीच्या गुणवंतांचा सत्कार ठेवलाय, त्यातच तुमचं भाषण ठेवू." मी गेले, तर वेशीवर फ्लेक्स. त्यावर 'आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ', खाली 'ग्रहविज्ञानातील करिअर व संशोधनाच्या संधी', आणि माझा फोटो मंगळापेक्षा मोठा. मी म्हटलं, "सर, मंगळ एवढासाच?" तर म्हणतात कसे, "त्याला इथं कोन वळखतंय? तुमाला तरी गोविंदरावांची म्हणून वळखतेत."

सत्कार एक तास दहा मिनिटं चालला. आधी गुणवंतांचा, मग गुणवंतांच्या आईबापांचा, मग माझा, मग माझा सत्कार ज्यांच्या हस्ते झाला त्यांचा, आणि शाली संपल्यावर मंडपवाल्याचा नुसत्या नारळावर. आणि मी बोलायला उभी राहिले तशी लाइट गेली. बासष्ट स्लाइड होत्या माझ्याकडे, बासष्ट. आता? पडदा काळा, पंखे बंद, चारशे माणसं वारा घेत बसलेली. मग मी खाली उतरले, शाळेमागच्या रानातून मातीचं एक ढेकूळ उचलून आणलं आणि म्हटलं, मंगळ असा आहे.

ते ढेकूळ मी आणायलाच नको होतं. स्लाइड बघताना माणसं पेंगतात, ढेकळाला कोण पेंगणार? मी सांगितलं, तिथं यंत्र उतरलंय, त्यानं फोटो काढलेत, त्यात अशाच भेगा दिसतात. दुसऱ्या ओळीत टोपी गुडघ्यावर ठेवून एक जण बसले होते, परमेश्वर काका, चार एकरवाले. ते म्हणाले, "भेगा हायेत म्हंजी पाणी व्हतं."

"होतं. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी. नद्या होत्या, तळी होती."

"मंग?"

"मग आटलं."

तुम्हाला सांगते, मी परिषदांतून हे वाक्य किती वेळा बोललेय, तिकडे ते ऐकून माणसं कॉफी आणायला उठतात. इथे चारशे चेहरे असे झाले, जणू शेजारच्या गावची बातमी आलीय. परमेश्वर काका हळूच म्हणाले, "मंग तिथल्यांनी काय केलं?"

"तिथं कुणी नव्हतं, काका."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि मागून दोन-तीन जणांनी सुस्कारा सोडला.

आता अशी माणसं समोर असल्यावर जीभ ताब्यात राहते का? नाही राहिली. मी सुटलेच. चंद्रावरून आणलेली माती तपासायला माणसं लागतात, उल्का ओळखायला लागतात, लोणारसारखी विवरं वाचायला लागतात, यंत्रांनी धाडलेले फोटो तर सगळ्या जगाला खुले आहेत, तुमच्या मोबाइलवर उतरवून घ्या आणि लागा कामाला, आणि काळ्या मातीत वाढलेल्या पोरीला जे डोळ्यांना कळतं ते तिकडच्यांना यंत्र लावून कळतं, मग मंगळाची माती उद्या तपासायची कुणी? मी विचारलं, "कुणी?" म्हणजे बोलण्याच्या भरात विचारलं हो, उत्तर मागितलं नव्हतं. तर पहिल्या ओळीतली एक पोरगी उभी राहिली. निकिता. बारावीला चौऱ्याऐंशी टक्के, हातात सत्काराचा नारळ. म्हणाली, "मी."

आणि तिच्या मागून परमेश्वर काका उभे राहिले, टोपी घातली, कारण ते तिचे वडील. म्हणाले, "झालं तर मंग. म्याडम म्हणतेत तर हेच शिकू. गंगाखेडला डी. फार्मसीचं बोलून ठिवलंय, ते नगं म्हणून सांगतो. फकस्त खात्रीनं सांगा म्याडम, हे बराबर हाय ना?"

खात्रीनं. मला. जिचे सात अर्ज कुठे पडलेत ते तिलाच माहीत नाही, तिला. माझे हात गार पडले.

मी म्हटलं, "म्हणजे... संधी आहेत." 'संधी' हा फार चतुर शब्द आहे, त्यात काहीच कबूल करावं लागत नाही. पण त्यांनी तो कबुलीसारखाच घेतला. चहा येईपर्यंत अकरा आईबाप माझ्याभोवती. एक जण म्हणे, "आमच्या हरिओमला इंजिनेरिंगला घालणार व्हतो, आता ह्यालाच घालतो, खात्रीनं सांगा." एक बाई म्हणे, "माझ्या सुकेशनीला साठच टक्के हायेत, चालतेत का मंगळाला? पण खात्रीनं सांगा." इतकी वर्षं मी भांडत आले की लोक विज्ञानावर विश्वास ठेवत नाहीत. ठेवल्यावर काय करायचं, हे मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

पळून जावं, तर पालमची बस गेलेली. सत्काराला एक तास दहा मिनिटं लागल्यावर बस थांबते काय? परमेश्वर काका म्हणाले, "आमच्या घरी चला, सकाळची हाय साडेसहाला." माझी बॅग त्यांनी उचललीसुद्धा. म्हणजे ज्यांच्यापासून पळायचं त्यांच्याच घरी मुक्काम.

दिवेलागणीला जेवायला बसलो. मनकर्णा काकूंनी, म्हणजे निकिताच्या आईनं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आमरस वाढला, निकिता समोर बसून माझ्याकडे एकटक बघत होती. आणि काका काय करत होते, तर रांजणापाशी एक गोणपाटाची गुंडाळी होती, तिच्यावर तांब्यानं पाणी शिंपडत होते. मी विचारलं, हे काय? विषय बदलावा म्हणून विचारलं हो. कुठून दुर्बुद्धी झाली.

"घरचं सोयाबीन हाय," काका म्हणाले. "पेरायच्या आदी बघावं लागतंय. शंभर दाणे मोजून गोणपाटात गुंडाळायचे, वलं ठिवायचं, सा-सात दिसांनी सोडून मोजायचं, किती उगवले. उद्या सकाळी सोडायलोय." मग ताटावर येऊन बसले, भाकरी मोडली, आणि सहज, अगदी सहज विचारलं, "तुमच्या ह्याच्यात किती उगवतेत, शंभरात?"

बघा, सगळ्या जगात मला हे कुणी विचारलं नव्हतं. प्राध्यापकांनी नाही, मला शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी नाही, मी स्वतःलाही नाही. चार एकरवाल्या माणसानं आमरस खाता खाता विचारलं. खोटं बोलावं? समोर गोणपाट. मी मनात मोजलं. फिजिक्सला आम्ही पन्नास जण होतो. ह्या विषयात टिकली दोन. त्यातली एक मी.

"चार," मी म्हटलं.

निकितानं मान खाली घातली. काकू भाकरी थापायच्या थांबल्या.

"आन तुमी?" काका म्हणाले. "तुमी उगवलेल्यात ना?"

"उगवलेय, काका. पण शेंग लागली नाही अजून. मार्चपासून घरीच आहे."

हात गार. रसाची वाटीसुद्धा माझ्या हातापेक्षा कोमट लागत होती. काकू म्हणाल्या, "जेवू द्या की लेकराला, परीक्षा कामून घ्यायलाव?" काका म्हणाले, "सकाळी बघू." बस, एवढंच. ह्या 'सकाळी बघू'वर मी त्या घरात कशी झोपले ते मला विचारू नका, झोपलेच नाही, मी पळायचा बेत केला. साडेसहाची बस, त्याआधी आवरायचं, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. फार्मसी तर आता गेलीच, काका सायंकाळी तिकडे फोन करून बसले होते. आणि फिजिक्सला तरी आता पाठवतील का? चौऱ्याऐंशी टक्क्यांची पोरगी, माझ्या एका ढेकळापायी दोन्हीकडून गेली.

सहाला बाहेर आले तर सगळे अंगणात. गोणपाट सोडलेलं. काका दाणे वेगळे करतायत, मोड आलेले इकडे, न आलेले तिकडे, निकिता मोजतेय, आणि मी बॅग घेऊन उभी, जणू माझाच निकाल आहे. "एकसष्ट," निकिता म्हणाली.

"उगवण कमी निघाली," काका म्हणाले. "सत्तर तरी पायजे."

मी घाबरत विचारलं, "मग आता हे फेकून देणार?"

"फेकून?" काका माझ्याकडं असे बघायला लागले, जणू विचारतायत, हिला पीएच.डी. कुणी दिली. "उगवण कमी निघाली म्हणून कुनी पेरायचं थांबतंय का? बियाणं वाढवायचं. एकरी तीस किलोच्या जागी पस्तीस टाकायचं." मग हात झटकले. "मी काल तेच हिशेब करीत व्हतो. तुमच्याकडं चार हाय. लय कमी हाय. मंग एकटी निकिता धाडून कसं व्हईल? अकरानं बी भागत न्हाई. किशनराव सरांना आत्ताच फोन केलाय, म्हणलं, सोनपेठची पोरं घ्या, पालमची घ्या, बियाणं वाढवा."

मी म्हटलं, "अहो काका, ही माणसं आहेत, सोयाबीन नाही. जे उगवणार नाहीत त्या शहाण्णवांचं काय?"

"काय म्हंजी? न उगवलेला दाणा जातोय कुटं, मातीतच असतोय की. फिजिक्स शिकलेली पोरगी मास्तरीण व्हईल, अजून काय तरी व्हईल. दगड व्हते का ती?" आणि निकिताला म्हणाले, "तू ऐकलंस ना, चार हाय म्हणून? आता बी जायचं का?"

निकिता न उगवलेले दाणे ओंजळीत गोळा करत होती. "मला कालच कळालं की अप्पा. ताई खरं बोलल्या, म्हणून तर जायचंय."

बघा आता. मी ढेकूळ दाखवून फसवलं असं रात्रभर समजत होते, आणि ही पोरगी माझ्या 'चार'वर विश्वास ठेवून बसली. वेशीवर बसचा हॉर्न वाजला. मी बॅग उचलली. काका म्हणाले, "पेरलं की मातर रान सोडून जाता येत न्हाई, ताई. राखायला माणूस लागतंय."

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. त्या ड्रायव्हरला काय माहीत, तो कुणाला बोलावतोय. आणि मग त्यानं बस नेली, आणि मी अंगणात बॅग घेऊन उभीच.

तर ठरवलं. त्या सकाळी, त्या अंगणात ठरवलं, निर्भयपणे वगैरे नाही, चांगली थरथरत ठरवलं. सात अर्जांची उत्तरं येतील तेव्हा येतील, हे वर्ष मी इथेच. सोनपेठला, पालमला, जिथं बोलावतील तिथं, पहिलं वाक्य एकच: शंभरात चार. ते ऐकून जे उठून जातील त्यांना जाऊ द्यायचं, जे बसतील त्यांचे प्रवेश, गणित, पडणं-झडणं सगळं माझ्या गळ्यात. काकांना सांगितलं. सांगताना हात पुढे केला आणि म्हटलं, "हे बघा, अजून गारच आहेत."

काकांनी हात बघितलासुद्धा नाही. एकसष्ट दाणे फडक्यात बांधत म्हणाले, "असू द्या. पेरताना समद्यांचेच गार पडतेत. दरसाली."