पुण्याची दोन तिकिटं

सोलापूर स्टेशनावर सरोजिनीबाई तिकिटाच्या रांगेत उभ्या होत्या. पुढं एक सासू आणि तिची सून रंभा; दोघींचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं. रंभाच्या हातातल्या उघड्या पेटीत जरीकाठी लुगडी नेसलेल्या बाहुल्या होत्या.

"आत्याबाई, मागं फिरू या का? धाकटी रडत आसंल."

"रडंल आन् गप हुईल."

"पुन्याच्या प्रदर्शनात मोठ्या घरच्या बायका येणार. माजं शिवणकाम कोण बघतंय?"

"बोलावलंय कुणी मग? त्यांनीच की!"

"तुमीच म्हणायचा, पोरगी चिंध्यांत जलम घालवतीय."

"म्हणत व्हते की! पण पाटलाच्या नातीनं बाहुलीचं लगीन लावलं, तवा नवरीचा शालू बघाया सारं मंद्रूप गाव लोटलं. शिवला कुणी, म्हनून जो तो ईचारी. मीच वरडून सांगितलं, माज्या सुनेनं!"

"पर सैपाक, धारा, पोरं, वर हे शिवण. समदं माज्याच्यानं हुईना."

"समदं तूच कर म्हनून कुणी सांगितलं? आल्यावर धारा मी काढीन. तू बाहुल्यांच्या चोळ्या शिव."

रंभानं पदरानं डोळे पुसले, तोवर खिडकी आली.

"कुठलं तिकीट?" आतून बाबूनं विचारलं.

"पुन्याची दोन."

"बरोबर पुरुषमाणूस कोण?"

सासू तोंड उघडणार, तेवढ्यात रंभानंच मान वर केली.

"मालक घरी पोरं सांभाळत्यात. आमी बाहुल्यांच्या धंद्यासाठनं निघालोय. द्या दोन!"